विहिरीच्या उघड्या पायऱ्या



गेल्या अंकात या सदरात नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांतील फरकाविषयी लिहिले होते. त्यावर अनेक वाचकांनी शंका विचारल्या आहेत. त्यांचा परामर्श यथावकाश घेईनच. या महिन्यात मात्र ठेवी, व्याजदर आणि कागदपत्रे बाजूला ठेवून आमच्या मळ्यातील उन्हाळ्याविषयी चार निवांत शब्द लिहावेत, असे ठरवून लेखणी हाती घेतली. लेख पुरा होईपर्यंत त्यात कर्जही आले आणि एका सहीचा प्रश्नही आला. सवयीचा माणूस सवयीच्या वाटेनेच जातो, असे समजून वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा मजकूर मी मिरज तालुक्याच्या पूर्व भागातील आमच्या मळ्यातल्या घराच्या सोप्यात बसून लिहीत आहे. बँकेतील सदतीस वर्षांच्या नोकरीत उन्हाळा असा माझ्या वाट्याला आलाच नाही. मार्चअखेरचा ताळेबंद संपतो न संपतो तोच लेखापरीक्षक दारात उभे. ते गेले की बदल्यांचे आदेश. मे महिन्यात चार दिवसांची रजा मिळाली, तर ती लग्नकार्यात खर्ची पडे. निवृत्तीनंतरची काही वर्षे सांगलीला चुलत बंधूंच्या हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहण्यात गेली. यंदा प्रथमच गुढीपाडव्याला मळ्यात आलो, तो मृग निघेपर्यंत राहण्याच्या बोलीने.

थोरले बंधू आता नाहीत. त्यांच्या पश्चात वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची दोन मुले येथे राहतात. मे महिन्यात पुण्याहून माझी नऊ वर्षांची नातही आली. जमीन एकूण सात एकर; त्यांतील तीन एकर द्राक्षबाग, उरलेल्यात शाळू, हरभरा आणि थोडी वैरण. सातबारा आजही सामाईक आहे. त्यावर माझे नाव आहे. मातीत हात मात्र त्यांचे आहेत.

येथील दिवस पहाटे पाचला विहिरीवर सुरू होतो. शेताला पाणी मोटारीने जाते. पण पिण्याचे पाणी वहिनी आजही रहाटावर दोरीने काढतात. दुहेरी गाळण्यातून ते घागरीत गाळायचे, आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. त्यासाठी एक वेगळी लहान बादली आहे. तिच्या तळाला बाहेरून कडी आहे. बादली सरळ खाली न्यायची, पाण्याला टेकली की दोरीला हिसका द्यायचा; म्हणजे ती पाण्यातच अलगद पालथी होते. वरून ओतले तर त्या सूक्ष्म जिवांना धक्का बसेल, म्हणून ही योजना. नातीला हे सारे यंत्र फार आवडले. पहिल्या दिवशी तिने विचारले, “आजी, त्यांना परत का पाठवायचं?” वहिनी म्हणाल्या, “त्यांचं घर आहे ते. आपण पाणी मागायला गेलो होतो.”

पाणी झाले की अंगणात सुकवणाचे काम. चैत्र आणि वैशाख हे दोन महिने म्हणजे घरातील स्त्रियांचा खरा हंगाम. कोहळा किसून घातलेले सांडगे, उडदाचे पापड, भरलेल्या मिरच्या, गवारी, आंबोशी असे एकेक वाळवण जुन्या धोतरांवर पसरलेले असते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको आणि चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, म्हणून पुढच्या चार महिन्यांची तरतूद याच उन्हात करायची. पिठाच्या डब्यावर वहिनींनी तिथी लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. मुदत संपण्यापूर्वी पीठ संपले पाहिजे, आणि संपेल तेवढेच दळले पाहिजे. आयुष्यभर मुदत ठेवींच्या पावत्यांवर सह्या केलेल्या मला ही शिस्त ओळखीची वाटली.

दुपारी बारा ते चार बाहेर पाऊल टाकवत नाही. नांगरलेल्या रानातील ढेकळे भाजून निघत असतात. हरळीच्या काशा उन्हाने वाळाव्यात म्हणूनच ही उन्हाळी नांगरट. मध्येच वावटळ उठते आणि कडब्याच्या गंजीवरचा पाला उचलून बागेपर्यंत नेते. माणसे सोप्यात आडवी होतात. चारला पन्हे मिळते. विहिरीवरच्या ‘खोबऱ्या’ आंब्याची आढी कडब्यात घातलेली आहे. तिचा वास दुपारी घरभर फिरतो आणि मुले दर तासाला कोपऱ्यात जाऊन चाचपून येतात. रात्रिभोजन वर्ज्य असलेल्या घराला उन्हाळ्याचा लांब दिवस सोयीचा. साडेसहाला सर्व पानावर बसतात, सातच्या आत आवराआवर झालेली असते, आणि मग अंधार पडेपर्यंत अंगणात बाजेवर बसून बोलायला मोकळा वेळ उरतो. शहरात सर्व सोयी असूनही हा एक तास मला कधी मिळाला नव्हता.

पण या तासात येथे कशाविषयी बोलणे होते, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. बोलणे होते पाण्याविषयी. आणि त्याची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: “आज किती पायऱ्या उघड्या?”

आमची विहीर पायऱ्यांची आहे. घडीव दगडाच्या बासष्ट पायऱ्या तळापर्यंत उतरतात. पाणी जसजसे खाली जाते, तसतशा पायऱ्या उघड्या पडतात. कोणतेही मोजमाप न लावता, काठावर उभे राहून शिल्लक सांगता येते. आजोबांचे गावात किराणा व धान्याचे छोटे दुकान होते आणि मळाही होता. त्यांनी १९५१ पासून रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर एक वेगळे सदर उघडले होते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि मृगाचा आरंभ, अशा तीन दिवशी विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या आहेत, एवढीच नोंद. आजोबांच्या मागे ती वडिलांनी चालवली, वडिलांच्या मागे बंधूंनी. बंधू गेले आणि नोंद थांबली. यंदा पाडव्याच्या दिवशी माळ्यावरच्या पेटीतून त्या वह्या काढल्या, आणि पुढच्या कोऱ्या ओळीवर मी लिहिले: पायऱ्या ४९. अक्षय्य तृतीयेला लिहिले: ५४.

मागची पाने उलटली, तेव्हा मन खिन्न झाले. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत अक्षय्य तृतीयेचा आकडा चोवीस ते अठ्ठावीस यांच्या दरम्यान फिरतो. मोट गेली, विजेचे पंप आले, आणि ऐंशीच्या दशकात तो पस्तिसाच्या पुढे गेला. द्राक्षबागा वाढल्या तसा चाळिसाच्या वर. २००४ च्या दुष्काळात केवळ एक शब्द आहे: ‘तळ’. म्हैसाळ उपसा योजनेचे कृष्णेचे पाणी या भागात येऊ लागले, त्यानंतरच्या काही वर्षांत आकडा थोडा मागे सरकतो. आवर्तन लांबले की पुन्हा पुढे जातो. पूर्वी आमच्याकडे फार पाऊस पडत होता असे नाही. हा भाग पर्जन्यछायेतलाच. आकाशातून येणारी जमा थोडीच होती. वाढला तो खर्च.

‘तळ’ हा शब्द त्या वहीत आणखी एका ठिकाणी आहे. १९७३ च्या पाडव्याला. १९७२ चा पाऊस गेला, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. माघात विहीर चाळिसाच्या खाली गेली, तेव्हा आजोबांनी मोट सोडवून ठेवली. खाली अर्धा एकर ऊस उभा होता. आत्याच्या लग्नाचा खर्च त्या गुळावर धरलेला होता. उसाला पाणी दिले असते तर आणखी महिनाभरात विहीर आटली असती, आणि आसपासच्या वस्तीवरची सारी माणसे आमच्याच विहिरीवर पाणी भरत होती. ऊस वाळला. घरात त्यावरून बरेच दिवस अबोला होता. आत्याचे लग्न दोन वर्षे लांबले, हेही मी विसरलेलो नाही. तरीही पाडव्याला विहीर आटलीच. मग टँकर आला.

टँकरच्या पाण्याची पहिली घागर आजीने नेहमीप्रमाणे गाळली. गाळणे हातात घेऊन ती विहिरीच्या काठावर गेली आणि तशीच उभी राहिली. खाली कोरडा दगड होता. टँकरवाल्याला तिने विचारले, “बाबा, हे पाणी कुठल्या विहिरीचं?” त्याला सांगता येईना. आजी गाळणे घेऊन कितीतरी वेळ उभी होती. शेवटी तिने एका परातीत पाणी घेऊन जिवाणी त्यात सोडली आणि परात सावलीत ठेवली. पाऊस पडेपर्यंत तो तिचा रोजचा क्रम होता. मला त्या वयात हा वेडेपणा वाटला होता. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पाठवले गेले, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या दिवशी वृत्तपत्र वाचताना आजीचा तो प्रश्न एकाएकी आठवला. तहानलेल्या गावाला पाणी द्यावे, यात दुमत नाही. पण पाणी कोठून उचलले आणि त्या जागेचे आपण किती देणे लागतो, हा प्रश्न विचारणारी आजी आता कोठे भेटायची?

आता यंदाच्या सहीकडे येतो.

द्राक्षबागेचे गणित ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फळ उतरले, बेदाणा शेडवर गेला, की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल जवळजवळ उघडा केला जातो. नवी फूट येते, आणि मे-जूनमध्ये त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीच्या घडांची निर्मिती आतल्या आत होत असते. डोळ्यांना ती दिसत नाही. या दिवसांत पाण्याचा ताण बसला, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पानेच पाने येतात, घड नाहीत. म्हणजे वर्षभराचे उत्पन्न ज्या महिन्यांत ठरते, तेच महिने विहिरीच्या तळाचे.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जेवणे झाल्यावर पुतण्याने एक कागद पुढे केला. वरच्या बांधाला सहाशे फुटांची बोअर घ्यायची, त्यावर पंप बसवायचा. खर्च चार लाखांच्या घरात. कर्ज मिळत होते. सामाईक सातबारा असल्यामुळे माझी संमती हवी होती. मागणी अवाजवी नव्हती. बागेवर आधीचे कर्ज आहे, मुलांची शिक्षणे आहेत, आणि बाग वाळली तर हप्ते कोठून भरायचे?

वहिनी तेथेच ताटे पुसत होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, “बोअरमध्ये जिवाणी कशी सोडायची रे?” आम्ही सगळेच हसलो. सहा इंची नळीत बादली जाणार कशी? हसून झाल्यावर मात्र कोणी काही बोलले नाही.

मी सही केली नाही. विचार करून सांगतो म्हणालो. त्यावर पुतण्या जे बोलला ते मी येथे जसेच्या तसे लिहितो, कारण ते खरे आहे. तो म्हणाला, “काका, तुमचं पेन्शन एक तारखेला जमा होतं. मला रात्री एकला उठून लाईट आली का बघावं लागतं. पायऱ्या मोजून हप्ता फिटत नाही.”

त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती केवळ उकाड्यामुळे नव्हे. त्याला न सांगितलेली एक गोष्ट मला आठवत होती. नव्वदच्या दशकात मी एका दुष्काळी तालुक्यातील शाखेत कृषी कर्जे पाहत होतो. वर्षअखेरीस उद्दिष्ट पुरे करायचे होते. एकाच शिवारातील अकरा बोअरची प्रकरणे माझ्या टेबलावर आली. दोन विहिरींमधील अंतराचा रकाना असतो; प्रत्यक्ष जागेवर जाऊन तो भरायचा असतो. मे महिन्याचे ऊन होते. मी खुर्चीत बसून अकराही अर्जांवर ‘अंतर नियमानुसार’ असे लिहिले आणि मंजुरीची सही केली. तीन वर्षांत त्यांतील सात बोअर कोरड्या पडल्या. त्या थकबाकीच्या नोटिसांवरही माझीच सही होती. कायद्याच्या दृष्टीने मी निर्दोष होतो. लेखापरीक्षणात एकही आक्षेप आला नाही. पण त्या शिवारातील जुन्या विहिरी आटल्या, त्यांचे खाते कोणत्याच शाखेत नव्हते.

या दगडाचा स्वभाव तेव्हा समजून घेतला असता, तर बरे झाले असते. आपला सह्याद्रीपासूनचा हा सारा काळा कातळ ज्वालामुखीच्या थरांनी बनलेला आहे. अभंग कातळात पाणी मुरत नाही. ते राहते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. विहीर वरच्या थरातील पाणी घेते. ते दर पावसाळ्यात थोडेबहुत भरून येते. खोल बोअर खालच्या भेगांतील साठा उपसते. तो भरायला किती पावसाळे लागतील, याचा भरवसा नसतो. आणि त्या भेगांचा वरच्या पाण्याशी संबंध असला, तर बोअर आपल्या विहिरीचेच पाणी खालून ओढून घेते. विहिरीत शिल्लक दिसते. बोअरमध्ये ती दिसत नाही. एके दिवशी पंप हवा ओढू लागतो, तेव्हाच खाते रिकामे झाल्याचे कळते. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायला मनाई केली. आमची विहीर खाजगी. वस्तीवरची सहा घरे तिचे पाणी पितात, एवढ्याने ती कागदोपत्री सार्वजनिक होत नाही.

दुसऱ्या रात्री एकला पुतण्याबरोबर मीही उठलो. तो नको म्हणत असता हातात विजेरी घेऊन निघालो. बांधावर सापाची भीती, म्हणून काठी आपटत जायचे. मोटार सुरू झाली. पस्तीस मिनिटे पाणी आले, मग नळातून फसफस सुरू झाली. बंद केली. झरे भरून पुन्हा तेवढे पाणी साठायला चार तास. आम्ही दोघे विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलो. पहाटे वस्तीवरच्या दोन बायका कळशा घेऊन आल्या. त्यांच्या घरच्या बोअरला पाणी कधीपासून नाही, असे मी विचारले. त्यांतली एक म्हणाली, “दोन वरसं मस्त पाणी होतं आण्णा. मग नुसता फुफाटा. कर्ज अजून हाय.”

ती बोअर कोणत्या वर्षी घेतली, हे पुतण्याला नेमके आठवत नव्हते. मला एक शंका आली. सकाळी वह्या काढल्या. २०१२ च्या अक्षय्य तृतीयेच्या ओळीत बंधूंच्या अक्षरात आकडा होता, आणि त्यापुढे बारीक अक्षरांत एवढेच: ‘शेजारी बोअर. पायऱ्या ४ जास्त.’ पुढच्या वर्षी पुन्हा: ‘३ जास्त.’ त्यापलीकडे एक शब्द नाही. बंधूंनी ही गोष्ट घरात कधी बोलून दाखवली नव्हती. शेजाऱ्यांशी भांडण तर दूरच. त्यांची बोअर आटली, तेव्हा ‘आमच्या विहिरीवर या’ असे सांगायला तेच गेले होते, असे वहिनींकडून कळले.

पुतण्याने ते पान बराच वेळ हातात धरले. वडिलांचे अक्षर त्याने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मी काही उपदेश केला नाही. उलट त्या अकरा सह्यांची गोष्ट त्याला सांगितली. तो म्हणाला, “मग आता करायचं काय ते सांगा. बाग तर डोळ्यांसमोर आहे.”

मग आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तीन एकरांपैकी एक एकर बाग सोळा वर्षांची आहे. तिचे उत्पन्न उतरते आहे आणि पाणी मात्र इतर दोन एकरांइतकेच लागते. ती काढायची आणि तेथे रब्बीत शाळू-हरभरा घ्यायचा. वाचलेले पाणी दोन एकरांना पुरेल. ठिबकाखाली उसाचे पाचट पसरून उन्हाने उडणारे पाणीही राखता येईल. विहिरीतील गाळ गेल्या बारा वर्षांत काढलेला नाही. तो या उन्हाळ्यातच काढायचा. खालच्या बाजूला शेततळे घेऊन कालव्याचे आवर्तन येईल तेव्हा ते भरून ठेवायचे, हे पुढच्या वर्षीचे काम. बोअर एक वर्ष पुढे ढकलायची. एक एकर बाग काढल्याने वर्षाला सुमारे दीड लाखाची तूट येते. ती तूट ‘मळ्यासाठी त्याग’ म्हणून पुतण्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे झाले असते. सातबाऱ्यावर नाव माझेही आहे. तेव्हा दोन वर्षांची निम्मी तूट आणि गाळ काढण्याचा खर्च माझ्या पेन्शनमधून द्यायचे ठरले. हे परोपकार म्हणून लिहीत नाही. बंधूंनी शेत सांभाळले म्हणून मी एम.कॉम. होऊ शकलो, त्या कर्जावर मी आजवर व्याजही दिलेले नाही.

पुतण्याचे समाधान झाले का? पूर्ण नाही. आवर्तन आले नाही आणि वळीवही चुकला, तर उरलेल्या दोन एकरांचेही खरे नाही, हे तोही जाणतो आणि मीही. पुढच्या वर्षी तो कागद पुन्हा माझ्यासमोर आला, तर मी काय करीन, हे आज सांगू शकत नाही. मळ्यात राहणाऱ्याचा शब्द अखेरचा असला पाहिजे, असेही मला वाटते.

गेल्या आठवड्यात गाळ काढला. चार माणसे तीन दिवस उतरत होती. तळाशी एक पितळी तांब्या सापडला; तो आजीचा असावा असे वहिनींचे म्हणणे. गाळ काळाभोर, कसदार. काढलेल्या बागेच्या जागेवर तो पसरला आहे. नातीने तीन दिवस शाळेतल्यासारखी हजेरी लावली. आता पायऱ्यांची नोंद तिच्या हातात आहे. काल संध्याकाळी ती काठावरून मोजून आली आणि वहीत लिहिले: ५७. माझ्या हिशेबाने ५८ असायला हव्या होत्या. मी पुन्हा मोजायला लावल्या. ५७ च होत्या. एक झरा मोकळा झाला असावा, असे पुतण्याचे म्हणणे. दोन दिवस मोटार कमी चालली, असे माझे. दोन्ही कारणे त्या ओळीत लिहून ठेवली आहेत.

आपल्या वाचकांपैकी बहुतेक कुटुंबे व्यापारात आहेत. पेढी शहरात आहे, मुले परगावी आहेत. पण गावाकडे कोठेतरी सामाईक सातबारा आहे, आणि एखादा भाऊ किंवा पुतण्या तो सांभाळतो आहे. कधीतरी तो सहीसाठी कागद पाठवतो. आपण फोनवर दोन वाक्ये बोलतो आणि सही करतो किंवा नाकारतो. माझी विनंती एवढीच: सही करण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी एक उन्हाळा, निदान आठ दिवस, तेथे जाऊन राहावे. रात्री एकला त्याच्याबरोबर विहिरीवर जावे. आणि सही नाकारायची असेल, तर तिची किंमत त्याच्या खात्यावर नावे टाकू नये. स्वतःच्या वाट्याची मोजून द्यावी.

मृगाला आणखी नऊ दिवस आहेत. ओळ कोरी सोडली आहे. पुढच्या अंकात नामनिर्देशनाविषयीच्या शंकांची उत्तरे देईन, आणि पायऱ्यांचा आकडाही कळवीन.

जय जिनेंद्र.